मराठी अभ्याससाहित्य आणि विद्यापीठाचं संकेतस्थळ सर्वांना वाचता यावं म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या समान संधी केंद्रात काम करताना प्राध्यापक, ग्रंथपाल, कार्यालयातले कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना कसोटी एकच धरली आहे: बाकीच्या वर्गाला नोट्स ज्या दिवशी मिळाल्या, त्याच दिवशी, कुणाची मनधरणी न करता, त्या दिव्यांग विद्यार्थ्यालाही वाचता आल्या का?

१. आमच्याकडे सगळं साहित्य ऑनलाइनच आहे. मग सुगम्यता म्हणजे आणखी काय करायचं?

साहित्य ऑनलाइन असलं म्हणजे ते वाचता येतंच असं नाही. पुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो ऑनलाइन असतो, पण मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. अंध विद्यार्थ्याला मजकूर ऐकता यावा, अल्पदृष्टी विद्यार्थ्याला तो मोठा करता यावा, कर्णबधिर विद्यार्थ्याला व्याख्यान वाचता यावं, ज्याचा हात माऊसवर स्थिर राहत नाही त्याला नुसत्या कीबोर्डवर अर्ज भरता यावा, आणि डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेल्याला मजकूर मोकळ्या ओळींत, हव्या त्या अक्षरात पाहता यावा. एवढं साधलं की साहित्य सुगम्य झालं.

२. माझ्या वर्गात एकही अंध विद्यार्थी नाही. तरीही हे करायचं का?

हो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता नोंदलेली आहे आणि त्यातले बरेच प्रकार पाहून कळत नाहीत. अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजार असलेला विद्यार्थी तुमच्यासमोर बसलेला असेल आणि त्याने कुणालाच काही सांगितलेलं नसेल. शिवाय याच कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. तो विद्यार्थी पुढच्या जूनमध्ये वर्गात येईल, आणि तेव्हा पाच वर्षांच्या नोट्स एका आठवड्यात दुरुस्त होणार नाहीत.

३. स्क्रीन रीडर म्हणजे काय? तो विकत घ्यावा लागतो का?

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा हा प्रोग्राम. काही महागडे स्क्रीन रीडर आहेत, पण एनव्हीडीए पूर्णपणे मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रामरने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठी वाचतो. उच्चार यांत्रिक वाटतात, पण सवयीने विद्यार्थी तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला शब्दही कळत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आधीपासूनच असतो.

प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: एनव्हीडीए उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि स्वतःच्या एका नोटचं एक पान ऐका. आमच्या दहा कार्यशाळांनी होत नाही ते त्या दहा मिनिटांत होतं.

४. मी श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप करतो. अक्षरं स्वच्छ दिसतात, छपाईही छान होते. मग अडचण कुठे आहे?

मराठी साहित्यातला हा सर्वांत मोठा अडथळा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्या आधीच्या या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने तुम्ही मराठी टाइप करतच नाही. तुम्ही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं टाइप करता आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. डोळ्यांना ‘विद्यार्थी’ दिसतं. स्क्रीन रीडरला आकार दिसत नाहीत, त्याला खाली साठवलेली अक्षरंच मिळतात. एका विद्यार्थिनीने तिचा हेडफोन माझ्या कानाला लावला होता. कृतीदेवमधल्या नोटवर ती बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकत होती: ‘एफ, ओ, उभी रेघ, के, एफ, के, एच, झेड’. तो ‘विद्यार्थी’ हा शब्द होता. तिच्याकडे अशी चाळीस पानं होती आणि परीक्षा नऊ दिवसांवर आली होती.

कृतीदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, शिवाजी, सी-डॅकच्या आयएसएममधला सुरेख, सगळ्यांची हीच गत आहे. आणि हे अडथळे अंध विद्यार्थ्यापुरते नाहीत. असा मजकूर कंट्रोल-एफने शोधता येत नाही, गूगलला सापडत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर कुणालाच वाचता येत नाही.

उपाय म्हणजे युनिकोड. टायपिंगची सवय मोडावी लागत नाही: इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी विंडोजमध्येच आहे, आणि टंकलेखन यंत्राच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीत बसलेला हात तीच मांडणी ठेवून युनिकोडमध्ये टाइप करू शकतो. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडची सोय आहे, फक्त ती निवडावी लागते. तपासणी सोपी आहे. एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला करा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला तर जुना फॉन्ट.

५. मी युनिकोडमध्येच टाइप केलं, तरी विद्यार्थी म्हणतो पीडीएफ नीट वाचलं जात नाही. असं का?

बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. त्या आकारांवरून मूळ मजकुराकडे परत जाण्याचा नकाशा नीट बसवलेला नसेल तर देवनागरी विस्कटते. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या डावीकडे येते पण उच्चारात मागून, त्यामुळे ती हमखास घसरते. जोडाक्षरं आणि रफार तिच्या मागोमाग. पीडीएफमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे दिसेल तेच विद्यार्थ्याला ऐकू येतं.

वर्डमधून पीडीएफ करताना ‘प्रिंट’मध्ये जाऊन करू नका. ‘सेव्ह ॲज’ने करा आणि पर्यायांमध्ये सुगम्यतेसाठी रचनेचे टॅग ठेवण्याची खूण चालू आहे का ते पाहा. तरीही मराठीपुरता माझा सल्ला असा की पीडीएफच्या जोडीला मूळ वर्ड फाइलही द्या. ‘कुणीतरी बदल करेल’ म्हणून वर्ड फाइल न देण्याची सवय आपल्याकडे आहे. पण त्या भीतीपायी जो विद्यार्थी वाचूच शकत नाही, त्याचं नुकसान खरं आहे आणि आज होतं आहे.

टाइप करतानाच्या दोन खोडीही इथेच सांगतो. ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकला तर दिसायला फरक नाही, पण वाचताना शब्द मधेच तुटतो आणि ‘कोलन’ ऐकू येतं. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ्य दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो, त्यामुळे समोर दिसणारा शब्द शोधूनही सापडत नाही. एका विभागाने एकच पद्धत ठरवून पाळावी.

६. जुन्या नोट्स आणि स्कॅन केलेली पुस्तकं यांचं काय करायचं?

जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर फॉन्ट परिवर्तक वापरा, मोफत मिळतात. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

स्कॅन असेल तर अक्षरओळख करावी लागते. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर सुटा होतो. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रामही मराठी ओळखतो. स्वच्छ छापील पानावर निकाल चांगला येतो. झेरॉक्सची झेरॉक्स, दोन स्तंभांचं पान किंवा पेन्सिलीने अधोरेखित केलेलं पुस्तक असेल तर मजकूर तपासायला माणूस लागतोच.

सगळं एकदम करायला बसू नका. या सत्रात जे शिकवणार आहात त्या क्रमाने करा: पहिल्या घटकापासून, आणि वर्गात तो सुरू होण्याच्या आधी.

७. वर्ड फाइल तयार करताना किमान काय करावं?

शीर्षकाला ठळक आणि मोठं करून थांबू नका, त्याला ‘हेडिंग’ शैली लावा. ब्राउझरमध्ये स्क्रीन रीडर वापरणारा ‘एच’ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. वर्डमध्येही हीच सोय मिळते. शैली नसेल तर साठ पानं पहिल्या ओळीपासून ऐकत जावं लागतं, जणू अनुक्रमणिका फाडून टाकलेलं पुस्तक.

तक्ता स्पेसबार मारून तयार करू नका, वर्डचाच तक्ता घाला, पहिली ओळ शीर्षकाची म्हणून नोंदवा आणि चौकटी एकमेकांत विलीन करणं टाळा. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर काही संगणकांवर इंग्रजी आवाज मराठी वाचायला लागतो किंवा गप्पच बसतो. फिकट राखाडी अक्षरं टाळा: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. ‘लाल रंगातले प्रश्न महत्त्वाचे’ असं न लिहिता त्यांच्यापुढे ‘महत्त्वाचे’ असा शब्दच लिहा. पीपीटीला हेच नियम, शिवाय प्रत्येक स्लाइडला शीर्षक.

८. चित्राचं वर्णन किती लिहायचं? प्रत्येक चित्राला लिहायचं का?

चित्र त्या पानावर कशासाठी आहे, हे स्वतःला विचारा आणि तेवढंच लिहा. रायगडाचं एकच छायाचित्र भूगोलाच्या नोटमध्ये ‘चारही बाजूंनी तुटलेले कडे आणि वर सपाट माथा’ असं सांगावं लागेल, आणि इतिहासाच्या नोटमध्ये बाजारपेठेच्या जोत्यांच्या दोन समांतर रांगांबद्दल. ‘रायगडाचा फोटो’ एवढ्या वर्णनाने दोन्ही विद्यार्थ्यांच्या हाती काही लागत नाही.

आलेखासाठी निष्कर्ष एका वाक्यात आणि खाली आकड्यांचा तक्ता द्या. शोभेची वेलबुट्टी, रेघा, कोपऱ्यातलं बोधचिन्ह यांना ‘सजावटीचं’ अशी खूण करा म्हणजे वाचक त्यांच्यात अडकत नाही.

९. गणित, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र यांची सूत्रं कशी द्यायची?

सूत्राचा फोटो चिकटवू नका. वर्डच्या समीकरण संपादकात लिहा. संकेतस्थळावर मॅथएमएल (गणिती सूत्रं मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत) वापरा. एनव्हीडीएला मॅथकॅट या मोफत पूरकाची जोड दिली की समीकरण टप्प्याटप्प्याने, अंश-छेद वेगळे करत ऐकता येतं. वर्गात बोलतानाही सवय लावा: ‘हे याच्यावर, ते त्याच्या खाली’ न म्हणता ‘क्ष अधिक दोन, हे सगळं छेदस्थानी’ असं म्हणा. भूमितीच्या किंवा रेणूच्या रचनेच्या आकृत्या मात्र फक्त शब्दांत पुरत नाहीत, त्यांना बोटांनी चाचपता येणाऱ्या उठावाच्या आकृत्या लागतात. त्या करायला वेळ लागतो, म्हणून सत्र सुरू होण्याआधी आम्हाला यादी द्या.

१०. व्याख्यानाच्या व्हिडिओला यंत्राने आपोआप केलेली उपशीर्षकं चालतील का?

कच्चा खर्डा म्हणून चालतील, जशीच्या तशी नाही. पारिभाषिक शब्द, व्यक्तिनामं आणि मराठी-इंग्रजी मिसळलेली वाक्यं यांत यंत्र हमखास चुकतं, आणि कर्णबधिर विद्यार्थ्याकडे पडताळून पाहायला दुसरं काहीच नसतं. त्याच्या दृष्टीने चुकलेला शब्द हाच प्राध्यापकांचा शब्द असतो.

आणखी एक. लहानपणापासून भारतीय सांकेतिक भाषेत वाढलेल्या काहींना लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. त्यांना उपशीर्षकं पुरत नाहीत, दुभाषी लागतो. विद्यार्थ्यालाच विचारून ठरवा.

११. संकेतस्थळावर सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?

विद्यार्थ्यांच्या तक्रारींत पहिला क्रमांक परिपत्रकांचा. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला जातो आणि मूळ टाइप केलेली फाइल कार्यालयातल्या संगणकातच राहते. सही हवीच असेल तर स्कॅन ठेवा, पण त्याच पानावर मजकूरही टाका. वेळापत्रक बदलल्याची सूचना व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवता तेव्हा खाली दोन ओळी टाइप करा. तीस सेकंदांचं काम आहे आणि कुणाचा तरी पेपर त्याच्यावर अवलंबून असतो.

दुसरा क्रमांक ‘येथे क्लिक करा’चा. अंध वाचक अनेकदा पानावरच्या दुव्यांची नुसती यादी काढून ऐकतो. त्या यादीत चाळीस वेळा ‘येथे क्लिक करा’ आलं तर हॉलतिकीट कुठलं आणि शुल्काची पावती कुठली? दुव्यालाच ‘बी.ए. तृतीय वर्ष हॉलतिकीट’ असं नाव द्या.

तिसरा प्रवेश आणि परीक्षा अर्जांचा: रकान्याला नाव नसणं, चूक झाली तर ती फक्त लाल चौकटीने दाखवणं, पाच मिनिटांत लॉगिनची मुदत संपून सगळं पुसलं जाणं, आणि वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा. माऊस बाजूला ठेवा आणि टॅबची कळ दाबत पूर्ण अर्ज भरून पाहा. तुम्ही जिथे अडकाल तिथेच विद्यार्थीही अडकतो.

१२. आम्ही संकेतस्थळावर अक्षरं लहान-मोठी करायचं बटण आणि सुगम्यतेचं विजेट बसवलं आहे. तेवढं पुरेसं आहे ना?

नाही. ज्याला स्क्रीन रीडर लागतो त्याच्याकडे तो स्वतःचा असतो आणि ज्याला अक्षर मोठं लागतं तो ब्राउझरमध्येच करून घेतो. विजेट आतली मोडतोड दुरुस्त करत नाही: स्कॅन स्कॅनच राहतो, नाव नसलेला रकाना तसाच राहतो. काही विजेट तर विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरच्याच आड येतात. तोच पैसा अर्ज नीट करून घेण्यात घाला.

१३. हे सगळं ऐच्छिक आहे की कायद्याने बंधनकारक?

बंधनकारक. २०१६ च्या अधिनियमाचं कलम १६ समावेशक शिक्षणाबद्दल, तर कलम ४२ माहिती आणि तंत्रज्ञान सुगम्य असण्याबद्दल आहे. संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. त्याच वर्षी आयएस १७८०२ हे डिजिटल सुगम्यतेचं भारतीय मानक या अधिनियमाच्या नियमांत समाविष्ट झालं. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं दिली.

‘मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे नुसता सल्ला’ असं कुणी म्हणालं तर त्यांना राजीव रतुरी प्रकरणाचा ८ नोव्हेंबर २०२४ चा निकाल दाखवा. सुगम्यतेच्या मानकांना केवळ शिफारशीचं रूप देणारा, याच नियमांतला नियम १५(१) हा मूळ कायद्याशी विसंगत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं त्याच न्यायालयाने सांगितलं. कायद्याचा भंग झाल्यास कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

१४. प्रकाशकाचं पुस्तक स्कॅन करून अंध विद्यार्थ्याला दिलं तर कॉपीराइटचा भंग होतो का?

नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ५२(१)(झेडबी) घालण्यात आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून शिक्षणासाठी किंवा वैयक्तिक वापरासाठी देता येतं, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अट एवढीच की त्यातून नफा कमवायचा नाही आणि ती प्रत दिव्यांग वाचकांपुरतीच ठेवायची. म्हणून तीच फाइल वर्गाच्या गटावर टाकू नका. अंध वाचकांसाठी पुस्तकं सुगम्य करण्याला कॉपीराइटमधून सूट देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश होता, हे घाबरणाऱ्या ग्रंथपालांना मी नेहमी सांगतो.

कामाला लागण्याआधी सुगम्य पुस्तकालय या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तक आधीच आहे का ते पाहा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून याच कामात आहे. पुस्तक कुठेच तयार नसेल तर कसं करायचं ते सहाव्या प्रश्नात आहे.

१५. ऑनलाइन परीक्षेत जादा वेळ कसा द्यायचा? लेखनिक मिळतो का?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ऑनलाइन परीक्षेत हा वेळ घड्याळात आधीच बसवावा लागतो. पर्यवेक्षकाने ‘लिहा, मी पाहून घेतो’ म्हटलं तरी प्रणाली ठरलेल्या वेळी पेपर बंद करते, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लेखनिक मिळतो, ऑनलाइन परीक्षेतही. आणि ज्याला स्वतःच्या स्क्रीन रीडरवर पेपर सोडवायचा आहे त्याच्यावर लेखनिक लादू नका. प्रणाली आधी एका सराव चाचणीत तपासा. दिव्यांगता ४० टक्क्यांपेक्षा कमी असूनही लिहिण्यात अडचण असेल तर विकास कुमार प्रकरणातल्या ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालानंतर त्या विद्यार्थ्यालाही लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो.

१६. मी विद्यार्थी आहे. मागूनही वाचता येतील अशा नोट्स मिळत नाहीत. काय करू?

सरांना किंवा मॅडमना आधी ईमेल करा, तोंडी सांगू नका, आणि नेमकं लिहा: ‘घटक ३ ची फाइल स्कॅन आहे, मला वर्ड फाइल हवी, चाचणी १२ तारखेला आहे.’ बहुतेकांना अडचण माहीतच नसते आणि कळल्यावर ते करून देतात. नाहीच झालं तर समान संधी केंद्राकडे या. त्यापुढे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे नोंद करता येते. तिथेही दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. आधीचे ईमेल जपून ठेवा. मागणी करताना ओशाळू नका, ही मेहेरबानी नाही.

१७. आमच्या अभ्यासक्रमात मोडी लिपीचे कागद वाचायचे असतात. ते सुगम्य कसे करणार?

हा सर्वांत अवघड प्रश्न. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, पण ऐतिहासिक दस्तऐवज हा हस्तलिखिताचा फोटोच असतो. इथे आधी ठरवा की विद्यार्थ्याला त्या कागदातून काय शिकायचं आहे. पेशवेकालीन महसूल, न्याय, पत्रव्यवहार शिकायचा असेल तर देवनागरी लिप्यंतर द्या, कागदाचं स्वरूप, शिक्का, समासातली भर आणि फाटलेल्या जागा शब्दांत नोंदवा, आणि बाकी वर्गासारखेच प्रश्न विचारा. ओळख लिपीचीच करून द्यायची असेल तर अल्पदृष्टी विद्यार्थ्याला जास्त बारकाईचा, खूप मोठा करता येणारा स्कॅन द्या. पूर्ण अंध विद्यार्थ्यासाठी मुळाक्षरांची वळणं उठावात करून घ्या आणि उतारे वाचण्याऐवजी लिपीच्या घडणीवर मूल्यमापन ठेवा. असा बदल सत्राच्या सुरुवातीलाच अभ्यास मंडळाकडून लेखी मंजूर करून घ्या, म्हणजे निकालाच्या वेळी त्या विद्यार्थ्याला कुणापुढे खुलासा करत बसावं लागणार नाही.